मारिया कॅलास : गोड आवाज आणि खरा आवाज

ऑपेराच्या वाटेला आपण सहसा जात नाही, म्हणून आधी दोन गोष्टी सांगतो. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि मधेमधे पदं येतात. ऑपेरात बहुतेक वेळा संवादही गायले जातात, आणि तेही मायक्रोफोनशिवाय. समोर मोठा वाद्यवृंद वाजत असतो, आणि त्यातून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. स्त्रियांच्या आवाजातला सगळ्यांत उंच प्रकार म्हणजे सोप्रानो.

आजचा प्रश्न असा : कलेत गोडवा मोठा की सत्य? हा प्रश्न मारिया कॅलासच्या आयुष्यातून नीट दिसतो.

ती २ डिसेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मली. आईवडील ग्रीक. १९३७ मध्ये आई मुलींना घेऊन ग्रीसला परतली. तिथे अथेन्समध्ये एल्विरा दे हिदाल्गो या स्पॅनिश सोप्रानोकडे तिचं शिक्षण झालं. या बाईंनी तिला 'बेल कांतो'ची तालीम दिली. त्याचा शब्दशः अर्थ 'सुंदर गायन'. दमसास, लवचीकपणा, आपल्या तानांसारख्या वेगवान स्वरमालिका, असं ते गाणं.

त्या काळी सोप्रानोंची साधारण वाटणी झालेली होती. हलके, चपळ आवाज तानांच्या भूमिकांना. भारदस्त आवाज वाग्नरसारख्यांना. जानेवारी १९४९ मध्ये कॅलास व्हेनिसला वाग्नरची ब्रुनहिल्ड गात होती. तेवढ्यात बेल्लिनीच्या 'इ पुरितानी'तली गायिका आजारी पडली. संगीत-दिग्दर्शक तुल्लिओ सेराफिन यांनी ती भूमिका कॅलासला दिली. हाताशी मोजके दिवस, आणि भूमिका अगदी दुसऱ्या टोकाची! तिने ती गायली, आणि इटलीभर नाव झालं.

पण यात नुसती कसरत नव्हती. बेल्लिनी, दोनिझेत्ती यांच्या ऑपेरांतल्या ताना म्हणजे गळ्याचं प्रदर्शन, असं अनेकांना वाटे. 'लुचिया'मध्ये नायिकेचं मन ढळतं, त्या प्रवेशात तानांची नुसती रेलचेल आहे. कॅलासने दाखवलं की ती तान म्हणजेच तुटत चाललेलं मन आहे. अलंकार वरून चढवलेला नाही, तो अर्थाचाच भाग आहे. १९५७ मध्ये मिलानच्या ला स्कालामध्ये तिने दोनिझेत्तीचा विस्मृतीत गेलेला 'अ‍ॅना बोलेना' गायला. अशा ऑपेरांना पुन्हा रंगमंच मिळाला, त्यात तिचा वाटा मोठा.

आता गंमत बघा. तिचा आवाज गोड नव्हता, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांतले सांधे ऐकू येत. वरचा स्वर कधी कधी हले. पण 'ला त्राव्हियाता'ची नायिका क्षयाने मरते आहे. तिथे गुळगुळीत, भरदार स्वर लावला तर कान सुखावतील, पण ते खोटं होईल. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, ज्या गोष्टी प्रत्यक्षात पाहवत नाहीत, त्यांचं हुबेहूब चित्र पाहताना आपल्याला आनंद होतो. आपल्याकडे करुणालाही रस म्हटलं, त्याच्या मुळाशीही हेच कोडं आहे. सुखकारक आणि सुंदर हे दोन शब्द समानार्थी नाहीत.

पुढचा भाग दुःखाचा. २ जानेवारी १९५८ ला रोममध्ये 'नॉर्मा'चा पहिला अंक संपल्यावर ती पुढे गाऊ शकली नाही. प्रेक्षकांत इटलीचे राष्ट्राध्यक्ष होते. आवाज साथ देत नव्हता. वर्तमानपत्रांनी मात्र नखरे म्हणून झोडपलं. ५ जुलै १९६५ ला लंडनमध्ये 'तोस्का' गायली, तो तिचा शेवटचा ऑपेरा. वय ४१. १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिसमध्ये ती वारली.

आवाज इतक्या लवकर का गेला? कोणी म्हणतं, कोवळ्या वयात जड भूमिका गायल्या. कोणी म्हणतं, वजन फार झपाट्याने उतरवलं. 'कलेसाठी तिने आवाज जाळला' हे वाक्य ऐकायला छान, पण ते मला पटत नाही. त्यातून सत्य म्हणजे बेशिस्त, असा समज होतो. कॅलासचं सत्य शिस्तीतून आलं होतं. स्वरलिपीतली प्रत्येक खूण, प्रत्येक विराम ती अभ्यासत असे. भावना गळ्यातून येण्याआधी तिथे बुद्धीने काम केलेलं असे.

१९५३ चं 'तोस्का'चं ध्वनिमुद्रण मिळालं तर जरूर ऐका. इटालियन कळत नसलं तरी चालेल. आवाज गोड आहे का, हे विचारू नका. ही बाई आत्ता काय म्हणते आहे, एवढंच ऐका.