धातुनाद, लेखांक ९ : वेगातून येणारी स्तब्धता

मागच्या लेखात आपण थ्रॅश मेटलचा वेग पाहिला. तिथे वेग म्हणजे चाल करून जाणे. या आठवड्याच्या आल्बममध्ये वेग त्याहून अधिक आहे, तरी ऐकणाऱ्याला धावल्यासारखे वाटत नाही. उलट एका थंड, काळोख्या जागी खिळून उभे असल्यासारखे वाटते. नॉर्वेच्या मेहेम या बँडचा ‘दे मिस्टेरीस डोम सातानास’ मे १९९४ मध्ये बाजारात आला. आठ गाणी, जेमतेम पाऊण तास. ब्लॅक मेटलच्या श्रेष्ठ आल्बमची यादी निघाली की त्याचे नाव आजही वर असते आणि त्याचे कारण म्हणून बहुधा बँडभोवतीचा रक्तरंजित इतिहास सांगितला जातो. मला हे कारण पटत नाही. या आल्बमची ओढ त्याच्या ध्वनिरचनेत आहे. अतिद्रुत लयीतून स्तब्धता कशी निर्माण करायची, हे या वादकांना नेमके उमगले होते.

त्यासाठी गिटार कशी वाजते ते पाहावे लागेल. थ्रॅशमध्ये वादक उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून आवाज तोडतो, म्हणून प्रत्येक आघात सुटा आणि ठोस येतो. यूरॉनिमस या नावाने वाजवणारा ओइस्टाइन ऑर्सेथ तारा मोकळ्या ठेवतो आणि पिक खाली-वर इतकी जलद फिरवतो की एक आघात विरण्याआधी दुसरा येतो. मिनिटाला २०० मात्रांची लय धरली आणि प्रत्येक मात्रेत चार आघात केले, तर सेकंदाला तेराहून अधिक आघात होतात. एवढ्या दाटीत कान आघात मोजणे सोडून देतो आणि त्याला लांबवलेला स्वर ऐकू येऊ लागतो. त्यात डिस्टॉर्शनमुळे मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक बुजतो, वरचे उपस्वर उजळतात आणि तानपुऱ्याच्या जवारीसारखा एक सलग झणत्कार तयार होतो. या झणत्काराखालचे स्वर मात्र सावकाश बदलतात. हात द्रुत लयीत आहेत आणि सुरावट जवळजवळ विलंबितात. अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे, एकमेकांशी न जुळणारे सूर निवडल्यामुळे ती विसाव्याला कधी येतच नाही. बँडचा ड्रमवादक हेलहॅमर याचे ड्रम्सही हेच साधतात. त्याचा ठेका इतका दाट आहे की तो पुढे ढकलण्याऐवजी सभोवार पसरतो.

याचा पुरावा याच बँडकडे आहे. ‘फ्रीझिंग मून’ हे गाणे मेहेमने १९९० च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत लाइपझिगला मैफलीत वाजवले होते आणि ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. गाणे तेच, पण तिथे ते कच्चे आणि तापलेले आहे. डेड या नावाने गाणाऱ्या पेर युंग्वे ओलिनचा आवाज तिथे फाटून बाहेर येतो. आल्बममध्ये त्याच गाण्याभोवती अवकाश आला आहे. हे काम बर्गनच्या ग्रीगहालन या सभागृहाच्या इमारतीत झाले. संगीतकार एडवर्ड ग्रीगच्या नावाची ही वास्तू बर्गनच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे घर आहे. तिथला ध्वनिमुद्रक आइरिक हुंडविन ऊर्फ पिटन याने ड्रम्सना मोठ्या दगडी दालनात वाजल्यासारखा घुमारा दिला. गायनासाठी हंगेरीहून अटिला चिहर आला. तो किंचाळत नाही. खर्जात घोगरा, ओढत, कुठे मंत्रपठणासारखा गातो आणि शीर्षकगीतात तर अंत्यविधी चालवणाऱ्या पुरोहितासारखा. डेडच्या चाहत्यांपैकी अनेकांना हा आवाज आधी मुळीच रुचला नव्हता. पण निश्चल वातावरणाला किंकाळीपेक्षा असे पठणच शोभते, असे माझे मत आहे.

आता मोठा आक्षेप. गीतांचे बरेचसे शब्द लिहिणाऱ्या डेडने १९९१ मध्ये आत्महत्या केली. ऑगस्ट १९९३ मध्ये वार्ग विकर्नेसने ऑर्सेथचा खून केला आणि या आल्बमवर बास गिटार वाजवली आहे ती याच विकर्नेसने. खून झालेला आणि खून करणारा एकाच ध्वनिफितीवर! ऑर्सेथच्या आईवडिलांनी तो बास काढून टाकण्याची विनंती केली होती, तरी तो आवाजात दबलेला का होईना, राहिलाच. त्या घरावर काय गुजरले असेल याचा विचार न करता या हकिगतीला रोमांचक म्हणणारे रसिक नव्हेत. मात्र आल्बमची ओढ या हकिगतीतून येते, हा निष्कर्ष टिकत नाही. त्याच ग्रीगहालनमध्ये, त्याच पिटनच्या हाताखाली इम्मॉर्टल या बँडने ‘प्युअर होलोकॉस्ट’ केला. तो १९९३ मध्ये आला. त्या वादकांचा अशा गुन्ह्यांशी संबंध नव्हता, आणि तरी तीच गोठलेली झंझा तिथे ऐकू येते, तितक्याच निष्ठेने ऐकली जाते. सामाईक आहे ते तंत्र आणि ती वास्तू.

दुसरा आक्षेप साधा आहे : भीती कुणाला हवी असते? भरताच्या नाट्यशास्त्राने भयानकाला रसांत स्थान दिले आहे आणि नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. शब्द कळत नाहीत ही तक्रार मात्र खरी आहे. पण इथे गळा हे वाद्यांपैकीच एक आहे, त्याच्याकडून अर्थाची अपेक्षा पहिल्या ऐकण्यात ठेवू नये.

ऐकायचे तर ‘फ्रीझिंग मून’पासून सुरुवात करा, हेडफोन लावून आणि आवाज बेताचा ठेवून. लक्ष ड्रम्सवर ठेवू नका, गिटारचा स्वर कधी बदलतो याकडे ठेवा. मग लाइपझिगचे ध्वनिमुद्रण लावा. पुढच्या आठवड्यात याच सभागृहात मुद्रित झालेल्या, पण कीबोर्डची जोड घेणाऱ्या एम्परर बँडच्या आल्बमकडे वळू.