धातूवरचा न दिसणारा दोष

परेडच्या आदल्या रात्री ब्रासो लावून बक्कल घासणे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे मी चेन्नईत विमानाच्या सुट्या भागांच्या मेटल फिनिशिंगमध्ये काम करतो म्हटले, की अनेकांना वाटते मी दिवसभर धातू चकाकवतो. प्रत्यक्षात आमच्याकडून बाहेर पडणारे बरेचसे भाग निस्तेज, राखाडीच दिसतात.

विमानाच्या ॲल्युमिनियममध्ये बळकटीसाठी अनेकदा तांबे मिसळतात आणि तांब्यामुळेच ते लवकर गंजते. उपाय ॲनोडायझिंगचा. भाग आम्लाच्या टाकीत धन टोकाला जोडून वीज सोडली, की पृष्ठभागाचेच ऑक्साइड बनते. हा थर रंगासारखा वरून चढवलेला नसतो, धातूतूनच तयार होतो. म्हणून तो सहसा सोलत नाही. इंग्लंडमध्ये १९२३ साली समुद्री विमानांच्या भागांसाठी ही पद्धत वापरात आली.

त्याआधी भाग पूर्ण स्वच्छ हवा. धुतल्यावर त्यावर पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला पाहिजे. कुठे तो फाटून थेंब झाले, तर तिथे तेलकटपणा आहे असे समजायचे. त्याला बोटाचा एक ठसाही पुरतो. चेन्नईच्या दमट हवेत हातमोज्यांत घाम निथळतो, तरी ते काढायचे नाहीत.

पोलादाचे काम अधिक जोखमीचे. कॅडमियमचा मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो. अतिशय कणखर पोलाद त्यामुळे ठिसूळ होते आणि ताणाखाली असलेला बोल्ट काही दिवसांनी, पूर्वसूचना न देता तुटू शकतो. म्हणून मुलाम्यानंतर चार तासांच्या आत असे भाग भट्टीत घालून सुमारे १९० अंश सेल्सियसला २३ तास ठेवतात. भट्टीत गेलेला आणि न गेलेला बोल्ट शेजारी ठेवा. मलाही फरक ओळखता येणार नाही. फरक सांगतो तो फक्त जॉब कार्डावर लिहिलेला वेळ.

रात्रपाळीत, माल नेणारी गाडी दाराशी उभी असताना, चार तासांवर वीस मिनिटे झाली तर तेवढीच लिहायची. मग लॉट अडतो, गाडी रिकामी जाते, सकाळी बोलणीही बसतात. आमचे ज्येष्ठ कामगार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात (तमिळमध्येही मोठा भाऊ अण्णाच!), तो वेळ पेन्सिलने लिहू देत नाहीत.

कॅडमियम आणि क्रोमिक आम्ल दोन्ही विषारी, त्यामुळे मास्क आणि टाकीवरचा एक्झॉस्ट हवाच. कुणाला या कामात यायचे असेल, तर आयटीआयमध्ये इलेक्ट्रोप्लेटर हा ट्रेड आहे. रसायनशास्त्र मात्र नीट करून या.