अंगोलातील यादवी युद्ध : परकीय हस्तक्षेप आणि अप्रकट हितसंबंध

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धानंतरची बहुतांश युद्धे दोन राष्ट्रांमध्ये न होता एकाच राष्ट्राच्या सीमेत लढली गेली. वरकरणी अंतर्गत भासणाऱ्या अशा संघर्षांना पैसा, शस्त्रे व बाजारपेठ अनेकदा बाहेरून मिळते. मदत करणारी राष्ट्रे जो हेतू जाहीर करतात तोच त्यांचा खरा हेतू असतो काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. आफ्रिकेतील अंगोला या देशात १९७५ ते २००२ या काळात झालेले यादवी युद्ध हे या दृष्टीने बोलके उदाहरण होय.

संघर्षाची पार्श्वभूमी :
एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली आणि अंगोलाच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या तीन संघटना होत्या : अगुस्तिन्यो नेतो यांची एम.पी.एल.ए., होल्डन रॉबर्टो यांची एफ.एन.एल.ए. आणि जोनास साविंबी यांची युनिटा. त्यांचे सामाजिक आधार भिन्न होते व परस्परांविषयी अविश्वास होता. जानेवारी १९७५ च्या अल्व्होर करारानुसार स्थापन झालेले संयुक्त सरकार काही महिन्यांतच मोडले. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात युद्ध पेटलेले होते.

जाहीर हेतू व प्रत्यक्ष वर्तन :
सोव्हिएत संघ व क्युबा यांनी एम.पी.एल.ए.ला पाठिंबा दिला. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी विरोधी गटांना गुप्तचर यंत्रणेमार्फत छुपी मदत देण्यास मंजुरी दिली. साम्यवादी चीननेही याच काळात एफ.एन.एल.ए.ला साहाय्य केले. म्हणजेच तत्त्वप्रणालीपेक्षा सोव्हिएत संघाशी असलेली स्पर्धा चीनला अधिक महत्त्वाची वाटली. दक्षिण आफ्रिकेने साम्यवादाच्या विरोधाचे कारण पुढे करून सैन्य घुसवले. परंतु नामिबियावरील आपला ताबा टिकवणे हा तिचा निकटचा हितसंबंध होता.

सर्वांत मोठी विसंगती तेलाच्या बाबतीत आढळते. काबिंदा प्रांतात अमेरिकन कंपनी तेल काढत होती व त्याचा महसूल एम.पी.एल.ए. सरकारला मिळत होता. या तेलक्षेत्राच्या रक्षणासाठी क्युबाचे सैनिक तैनात होते. दुसरीकडे, १९७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने घातलेली मदतबंदी १९८५ मध्ये उठताच अमेरिकेने त्याच सरकारविरुद्ध लढणाऱ्या युनिटाला स्टिंगर क्षेपणास्त्रे पुरवली.

शीतयुद्धानंतरचा टप्पा :
डिसेंबर १९८८ च्या न्यूयॉर्क करारानंतर नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला आणि मे १९९१ पर्यंत क्युबाचे सैन्य परतले. युद्धाचे मूळ केवळ महासत्तांच्या स्पर्धेत असते, तर ते येथेच संपले असते. परंतु सप्टेंबर १९९२ च्या निवडणुकीचा निकाल साविंबी यांनी नाकारला व युद्ध पुन्हा भडकले. सरकारचा खर्च तेलावर, तर युनिटाचा हिऱ्यांवर चालू लागला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युनिटाविरुद्ध १९९३ मध्ये शस्त्रे व इंधनपुरवठ्यावर आणि १९९८ मध्ये तिच्या हिऱ्यांवर निर्बंध घातले. मार्च २००० मधील चौकशी अहवालात टोगो व बुर्किना फासो या देशांच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांवरही निर्बंधभंगाचा ठपका ठेवण्यात आला. २२ फेब्रुवारी २००२ रोजी साविंबी मारले गेले आणि ४ एप्रिल रोजी युद्धविरामावर स्वाक्षऱ्या झाल्या. २००३ पासून हिऱ्यांच्या उगमाची खातरजमा करणारी किंबर्ले व्यवस्था अमलात आली. सुरत व मुंबई येथे हिरे-उद्योग असलेला भारतही तिच्यात सहभागी आहे.

या युद्धात सुमारे ५ लाख लोक मृत्युमुखी पडले व सुमारे ४० लाख विस्थापित झाले, असा अंदाज आहे. शेतांत पेरलेले भूसुरुंग युद्ध संपल्यानंतरही बळी घेत राहिले.

समारोप :
अंगोलातील दुही परकीयांनी निर्माण केली नाही. मात्र त्यांच्या शस्त्रांमुळे ती दीर्घकाळ व अधिक संहारक झाली. स्थानिक नेतेही केवळ बाहुली नव्हते; आश्रयदाते दूर झाल्यावर त्यांनी उत्पन्नाचे नवे स्रोत शोधले. म्हणून प्रत्येक बंडामागे परकीय हात गृहीत धरणे जितके चुकीचे, तितकेच जाहीर घोषणांवर विसंबणेही चुकीचे ठरते. पैसा कोठून येतो, शस्त्रे कोण पुरवतो आणि लुटीचा माल कोण विकत घेतो, या तीन प्रश्नांची पुराव्यानिशी उत्तरे शोधल्यासच युद्धामागील खरे हेतू स्पष्ट होऊ शकतात.