उपनगरांच्या विकीसाठी साधी टेक्स्ट फाइलच

अंधेरीची गिल्बर्ट हिल, बोरिवलीजवळची कान्हेरी लेणी, मुलुंड-घाटकोपरच्या मंडळांच्या स्मरणिका यांची माहिती विकीवर साठवायची, तर ती साध्या युनिकोड टेक्स्टमध्ये, मार्कडाउनच्या मोजक्या खुणांसह ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. मराठीने याचा धडा आधीच घेतला आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या कृतीदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं साठतात. फॉन्ट गेला की मजकूर गेला, आणि शोध तर लागतच नाही! युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये याच शब्दाला १५ बाइट लागतात, पण तो कोणत्याही मोबाइलवर मराठीच दिसतो.

कृतीदेवच्या पाच बाइटांच्या तुलनेत जागा तिप्पट लागते, हा आक्षेप फोटोंच्या आकारापुढे टिकत नाही. टेक्स्ट फाइलींऐवजी डेटाबेस सोयीचा असतो, हे मान्य. विकिपीडियासारख्या प्रचंड कामाला तो हवाच. पण छोट्या गटाला सर्व्हर बंद पडला तरी नोटपॅडमध्ये उघडेल अशी फाइल हवी. २००४ पासूनचं डोकूविकी हे विकी सॉफ्टवेअर अशीच पानं साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवतं. मोठे तक्ते मात्र मार्कडाउनमध्ये किचकट होतात, ते वेगळ्या सीएसव्ही फाइलीत टाकावेत. खरी अडचण वेगळीच आहे: ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो आणि एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. त्यामुळे पहिलं पान लिहिण्याआधीच गटाने एक पद्धत ठरवून घ्यावी.