भंगारात निघालेल्या संगणकांची मेमरी
वसतिगृहातील आमच्या संगणकांची मेमरी अवघी २ जीबी. नव्या विंडोजच्या अटींत ते बसेनात, म्हणून उत्पादकाने हमी न दिलेली लिनक्स प्रणाली आम्ही बसविली. तरीही यंत्रे अडखळत. कारण बायोसमध्ये सापडले. या यंत्रांत ग्राफिक्सला स्वतंत्र मेमरी नसते. सुरू होतानाच मुख्य मेमरीतून ५१२ एमबी राखून ठेवले जात. मूळ आकडा वहीत टिपून आम्ही तो ६४ वर आणला. ४४८ एमबी मोकळे झाले. अधिक गरज पडल्यास लिनक्स ग्राफिक्ससाठी मुख्य मेमरीतूनच तात्पुरती घेते. आता दहावीची मुले त्याच यंत्रांवर अभ्यास करतात. घरचा जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांनी ही नोंद एकदा तपासावी, ही विनंती.