जिरायत रानातील कापशी

बारामती तालुक्याच्या जिरायत भागातील लोणी भापकर हे गाव मल्लिकार्जुनाचे मंदिर व जुनी दगडी पुष्करणी यांमुळे परिचित आहे. येथे पाऊस बेताचाच पडतो. ज्वारी-बाजरीच्या शेतांच्या बांधांवर बाभळी उभ्या असतात. अशा बाभळीच्या शेंड्यावर किंवा विजेच्या तारेवर कावळ्याहून थोडा लहान, वरून राखी व खालून पांढरा पक्षी बसलेला आढळतो. त्याच्या खांद्यावर काळा पट्टा असून डोळे लालभडक असतात. हीच कापशी.

तिला कापशी घार असेही म्हणतात, आणि या नावानेच तिचे नुकसान केले आहे. कोंबडीची पिले पळविणारी समजून तिच्यावर गोफण चालविली जाते. वास्तविक तो उद्योग घारीचा व शिक्र्याचा. कापशीचे मुख्य खाद्य म्हणजे उंदीर. त्याखेरीज नाकतोडे, सरडे व क्वचित लहान पाखरे.

तिची शिकार पाहण्यासारखी असते. सकाळी व सायंकाळी ती पिकावर वाऱ्याकडे तोंड करून, पंख फडफडवीत हवेत एकाच जागी तरंगते. उंदराची हालचाल दिसताच पंख वर उंचावून, पाय खाली सोडून टप्प्याटप्प्याने उतरते व शेवटी झडप घालते. उंचावर बसावयास जागा मिळाल्यास तिचे श्रम वाचतात. म्हणून बाभूळ नसलेल्या शेतात आडवी काठी बांधलेले उंच खांब रोवावेत.

कापशी एकटी सर्व उंदीर संपवील, असे मात्र कोणी समजू नये. उपद्रव वाढला की विषारी आमिष वापरावेच लागते. धोकाही तेथेच आहे. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदावलेल्या स्थितीत हिंडतो. असा उंदीर सहज सापडतो आणि त्याच्यावाटे विष शिकारी पक्ष्याच्या अंगात जाते. याकरिता सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत, सकाळी जी उकरलेली दिसतील त्यांतच आमिष ठेवून तोंडे बंद करावीत. उघड्यावर आमिष पसरू नये. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. हे प्रत्यक्ष शेतावर करून दाखविणे बरे. तोंडी सांगितलेले सहसा विसरले जाते.

कापशी बाभळीवर काटक्यांचे विरळ घरटे बांधते व बहुधा तीन-चार अंडी घालते. मादी सुमारे महिनाभर अंडी उबविते, तोवर नर तिला अन्न आणून देतो. पिले आणखी सुमारे पाच आठवडे घरट्यात राहतात. कुंपणासाठी वा शेळ्यांच्या पाल्यासाठी बाभूळ छाटावयाची असल्यास आधी शेंडा निरखून पाहावा. घरटे दिसल्यास ते झाड अडीच महिने सोडून दुसरे छाटावे.