आजीची जाळी, नातीचे यंत्र

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात कागदाचा आणि खळीचा वास दरवळू लागे. लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत आमच्या दारावर विकतचा आकाशकंदील कधी लागला नाही. बँकेच्या बदल्यांमुळे गावे बदलली, घरे बदलली. पण हा नेम बदलला नाही. सप्टेंबरअखेरच्या सहामाही हिशेबांच्या गडबडीतून मी रात्री उशिरा घरी परते, तेव्हा पत्नी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून कात्री चालवत बसलेली असे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ आणि एक लहान टोकदार कात्री एवढेच तिचे भांडवल. बाजारातील सरस प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून होतो, म्हणून तो आमच्या घरात कधी आला नाही; खळीवरच सारे भागत असे.

तीन-चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला. औषधाने जेवणे-लिहिणे सावरले, पण कात्रीचे बारीक काम थांबले ते थांबलेच. त्या वर्षी मी बाजारातून प्लॅस्टिकचा एक झगझगीत कंदील आणून टांगला. ती काही बोलली नाही. मात्र वहीपूजनाच्या संध्याकाळी आल्यागेल्यांचे स्वागत करताना तिने एकदाही दाराकडे मान वर करून पाहिले नाही, हे माझ्या लक्षात राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात सूनबाई आणि नात यांनी एक कागद कापणारे यंत्र घरी आणले. किंमत विचारली, तर सव्वीस हजार रुपये! कात्री साठ रुपयांत मिळत असताना हा खर्च कशासाठी, असा प्रश्न मी विचारला आणि त्याबद्दल दोन दिवस घरात माझ्याशी कोणी धड बोलले नाही.

यंत्र नेमके काय करते?

हे यंत्र दिसायला छपाईयंत्रासारखे असते; शाईऐवजी त्यात बारीक पाते असते. साधारण बारा इंच लांबीरुंदीच्या चिकट पटावर, म्हणजे मॅटवर, कागद बसवायचा. यंत्रातील रूळ तो पट पुढेमागे सरकवतात आणि पाते डावीउजवीकडे फिरते. या दोन सरळ हालचालींच्या मेळातून वेल, कमळ, कळस अशी कोणतीही वळणदार आकृती कापली जाते. आकृती संगणकात किंवा मोबाइलमध्ये रेषांच्या स्वरूपात साठवलेली असते. त्यामुळे ती तळहाताएवढी कापा वा ताटाएवढी, कडा धूसर होत नाहीत.

कागद कापून नक्षी करण्याची हौस मात्र यंत्राहून फार जुनी आहे. चीनमधील कागदकापणीच्या परंपरेचा युनेस्कोने २००९ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. आपल्याकडे मथुरा-वृंदावनात सांझी नावाची कला आहे. तेथील कारागीर खास कात्र्यांनी कागदाचे नाजूक साचे कापतात आणि त्यांतून रंग चाळून जमिनीवर चित्रे उमटवतात. अशा कामात एक नियम सर्वत्र सारखाच असतो: कितीही भोके पाडली तरी कागद एकसंध राहिला पाहिजे. हा नियम आम्हांला एका फजितीने शिकवला.

निखळलेला कलश

नातीने मोठ्या हौसेने कंदिलाची पहिली बाजू तयार केली. मधोमध मंगलकलश आणि भोवती जाळी. यंत्राने वीस मिनिटे कापणी केली. पटावरून कागद उचलला, तर अख्खा कलश निखळून खाली पडला. दुसरा कागद लावला, पुन्हा तेच. नात म्हणाली, पाते खराब आहे. मी मनात म्हणालो, सव्वीस हजार पाण्यात गेले.

तोवर गप्प असलेली पत्नी जवळ आली. तिने तो कागद उजेडासमोर धरून पाहिला आणि विचारले, “अगं, तुझा हा कलश कशाला धरून उभा आहे, ते दाखव बरं मला.” नातीला उत्तर सुचेना. मग पत्नीने तिला माळ्यावरची जुनी ट्रंक काढायला लावली. तीत जुन्या दिनदर्शिकांच्या पानांवर कापलेले तिचे नमुने होते. मोजले तेव्हा ऐंशीच्या वर भरले. काहींना खळीच्या डागांमुळे कसर लागली होती. प्रत्येक नमुन्यात फुलापासून वेलीपर्यंत आणि वेलीपासून चौकटीपर्यंत कागदाची एक अरुंद पट्टी राखलेली होती. कलशाच्या नमुन्यात तर दोन्ही बाजूंना आंब्याची पाने अशी काढलेली, की जोड म्हणून ती ओळखूही येऊ नयेत.

यंत्र रेष अचूक कापते. पण कोणती रेष कापायची आणि कोणती राखायची हे त्याला ठाऊक नसते. ते ज्ञान त्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेले होते आणि मी इतकी वर्षे त्याला रद्दी समजत आलो होतो.

त्या दिवसापासून दोघी कामाला लागल्या. नमुना काळ्या कागदावर सपाट ठेवायचा, दिवसाच्या उजेडात बरोबर वरून छायाचित्र घ्यायचे आणि त्यातील रेषा संगणकावर उतरवायच्या. घडी घालून कापलेल्या नमुन्यांचा निम्मा भाग शाबूत असला तरी चालतो; दुसरा निम्मा आरशातील प्रतिमेसारखा उलटवून जोडता येतो. कसर लागलेले बरेच नमुने असे वाचले. एका मोराच्या मानेला कात्री घसरल्याची खूण होती. ती तशीच राहू द्यावी असे मी सुचवले. पत्नी म्हणाली, “चूक ती चूक. सुधारता येत असेल तर सुधारू दे तिला.” माझा भावुकपणा तिने असा नामंजूर केला.

अनुभवाच्या चार गोष्टी

ज्यांच्या घरी असे यंत्र आहे किंवा येऊ घातले आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी नोंदवतो. कंदिलाच्या चौकटीला २०० ते २५० जीएसएम जाडीचा कागद घ्यावा. नेहमीचा छपाईचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, तो जाळीचे वजन पेलत नाही. प्रत्येक नव्या कागदावर आधी कोपऱ्यात लहानसा चौकोन कापून पाते किती दाबावे याची चाचणी घ्यावी. कापून झाल्यावर पटावरून कागद ओढू नये, त्याने तो वळतो. पट उलटा करून पटच कागदापासून अलगद सोलून काढावा. पटाचा चिकटपणा कमी झाला, तर कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन तो सुकवावा. जाळीला आतून बटर पेपर लावला की प्रकाश सारखा पसरतो. आत ज्योत कधीही ठेवू नये. कागद पेट घेतो आणि कीटकही होरपळतात. पिवळसर प्रकाशाचा लहान एलईडी दिवा लावावा. तो फारसा तापत नाही आणि पांढऱ्या दिव्यापेक्षा त्याच्याकडे कीटकही कमी येतात.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर निर्बंध आले, तेव्हापासून सजावटीसाठी कागद पुन्हा जवळचा झाला आहे. मात्र चकचकीत कागदावर बहुधा प्लॅस्टिकचा थर असतो. त्यापेक्षा साधा रंगीत किंवा हातकागद घ्यावा.

आता हिशेब

आपले वाचक व्यापारी आहेत. हिशेबाशिवाय त्यांचे समाधान होणार नाही, आणि माझेही झाले नाही. यंत्राचे आयुष्य पाच वर्षे धरले, तर वर्षाचा घसारा ५,२०० रुपये. पाती, पट आणि कागद यांवर गेल्या वर्षी आमचे सुमारे २,८०० रुपये खर्च झाले. एकूण ८,००० रुपये. वर्षाकाठी एकच कंदील केला, तर तो आठ हजारांचा पडेल. आम्ही गेल्या वर्षी कंदील, तोरणे, भेटपाकिटे आणि लग्नपत्रिकांची वेष्टने मिळून ४० वस्तू केल्या. म्हणजे प्रत्येकी २०० रुपये. त्यात तीन घरच्यांच्या श्रमाचे मोल धरलेले नाही. केवळ पैशांचा विचार केला, तर एका कुटुंबाने एक यंत्र घेणे परवडत नाही. चार-पाच नातेवाइकांनी मिळून घेतले तर परवडते. हे मत मी आजही बदललेले नाही.

पण जमेच्या बाजूला आणखी एक नोंद आहे. पत्नीचा हात आजही थरथरतो. कात्री धरणे आता होणार नाही. तरी कोणता कागद घ्यायचा, जाळी किती मोकळी ठेवायची, कोठे जोड राखायचा, हे तीच सांगते आणि पदवीच्या वर्गात शिकणारी नात निमूटपणे ऐकते. गेल्या दिवाळीत अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू अर्पण करून परतलो, तेव्हा आमच्या दारावर आठ बाजूंचा, कलशाच्या जाळीचा कंदील तेवत होता. पायरीवर उभी राहून तिने तो चांगला निरखला आणि म्हणाली, “खालची झिरमिळी अंमळ आखूड झाली.”

वाचकांनी यंत्र घ्यावे की न घ्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र घरातील आजी, आत्या, काकू यांच्या ट्रंकेत असे कागद असतील, तर ते आजच काढावेत, मोबाइलवर त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक नमुना कोणत्या प्रसंगी केला हे त्यांच्याकडून विचारून मागे लिहून ठेवावे. त्याला काही खर्च नाही. आमचे आजवर तेवीस नमुने उतरवून झाले आहेत. उरलेले येत्या सुट्टीत पुरे करायचे, असे आजी-नातीचे ठरले आहे.